बडोद्यात नोकरी सांभाळून सायकल आणि डोंगर: ग्रुप टिकतो कशाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला कारेलीबाग, नोकरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, घरी चार वर्षांची मुलगी. कॉलेजचे मित्र आणि ऑफिसातले सहकारी मिळून सायकलिंग-ट्रेकिंगचा ग्रुप दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत तो थंडावला. वेळ आणायचा कुठून आणि माणसं टिकवायची कशी? शिवाय टीममधल्या ५७ वर्षांच्या एका सहकाऱ्यांना यायचं आहे, त्यांना सोबत घ्यावं का?

मी बडोद्यातच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि बरीच वर्षं सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना घेऊन सायकलवर आणि डोंगरावर जाते आहे. या काळात जे ग्रुप बंद पडताना पाहिले, त्यातले फार थोडे वेळेअभावी बंद पडले. बहुतेक ठरवण्यातच दमले. शुक्रवारी रात्री कुणीतरी विचारतं, 'उद्या कोण कोण?' मग कुणी 'बघतो' म्हणतं, कुणाला साडेपाच लवकर वाटतं, कुणाला सिंधरोटऐवजी आजवा हवा असतो. अकरा वाजेपर्यंत मेसेजचा ढीग जमतो आणि सकाळी दोघंच येतात. त्या दोघांना वाटतं, बाकीच्यांना हौसच नाही. असे तीन शनिवार गेले की चौथ्या शनिवारी विचारायलाही कुणी उरत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की विचारणं बंद करा. वार, वेळ, जागा आणि रस्ता एकदाच ठरवा आणि मग त्यावर मत मागू नका. आमचं ठिकाण कमाटीबागेजवळचा काळा घोडा चौक. सगळ्यांना माहीत, दिवे असलेलं आणि पहाटेही चालणाऱ्या माणसांची वर्दळ असलेलं. तिथे पाच मिनिटं थांबायचं आणि जे आले असतील त्यांनी निघायचं. कुणीच आलं नाही तर तुम्ही एकट्याने निघा. ही अट ऐकायला कठोर वाटते, पण ग्रुप तिच्यावरच उभा राहतो. 'मी गेलो नाही तरी शनिवारची सायकल निघतेच' हे लोकांना कळलं की ते दोन आठवडे चुकवूनही तिसऱ्या आठवड्यात न संकोचता येतात. आपल्या न येण्याने बेत मोडला असं वाटणारा माणूस पुन्हा तोंड दाखवायला लाजतो आणि हळूहळू दूर होतो. बडोद्यात ही पद्धत नवीही नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर हा आखाडा आणि व्यायामाचे गुरू प्रो. माणिकराव यांची नावं घराघरांत सांगितली गेली ते हे शहर. आखाड्याची वेळ ठरलेली असते, ती रोज नव्याने कुणी विचारत नाही.

वेळ मात्र वर्षातून दोनदा बदला, कारण इथला सूर्य ऋतूप्रमाणे बराच मागेपुढे होतो. जूनमध्ये सहाच्या आत उजाडतं, जानेवारीत सूर्य उगवायला सव्वासात वाजून जातात. उन्हाळ्यात पावणेसहा आणि थंडीत साडेसहा ही आमची वेळ. थंडीत पहिला अर्धा तास अंधारातच जातो, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल त्याला मी निघू देत नाही. हेल्मेटचंही तेच.

दुसरं मोडतं ते वेगावरून. कॉलेजच्या मित्रांपैकी एखादा जिमला जाणारा असतो, ऑफिसातला एखादा वर्षांनी सायकलवर बसलेला असतो. पहिला अर्ध्या तासात दिसेनासा होतो, दुसरा धापा टाकत मागे राहतो आणि घरी जाऊन सांगतो, 'हे आपलं काम नाही.' आमचा नियम साधा आहे. जाताना सगळे एकत्र, वेग सगळ्यात हळू असणाऱ्याचा. सर्वांत मागे नेहमी एक अनुभवी माणूस, पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडे. ठरलेल्या ठिकाणी पोचलो की पाणी, गप्पा, आणि परतताना ज्याला पळवायची आहे त्याने पळवावी. दोघांचंही समाधान होतं. नव्या माणसाला पहिले दोन महिने २५ ते ३० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. सेवासीवरून सिंधरोटला मही नदीच्या काठापर्यंत जाऊन येणं त्यासाठी उत्तम आहे. वाटेत सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. पायऱ्यांवर दहा मिनिटं बसायला मिळतं आणि दमलेल्याला 'मी थकलो' असं म्हणावं लागत नाही. महीच्या पाण्यात मात्र कुणाला उतरू देऊ नका. काठ शांत दिसतो, पण खोली फसवी आहे.

आता वेळेचा प्रश्न. शनिवारची सायकल ही मित्रांची सायकल आहे. अंगात दम येतो तो आठवड्यातल्या सायकलीने, आणि तिच्यासाठी वेगळा वेळ काढायला गेलात तर मिळणार नाही. ती ऑफिसच्या वाटेवर घाला. कारेलीबाग ते मकरपुरा हे अंतर आठ-नऊ किलोमीटरच्या आसपास येतं. सावकाश गेलं तरी ३५ ते ४० मिनिटं. मंगळवार आणि शुक्रवार असे फक्त दोन दिवस धरा, जाऊन-येऊन चार फेऱ्या होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, तो या चार फेऱ्यांत जवळजवळ पुरा होतो. गाडीने जाताना तो वेळ रहदारीत जातच होता, त्यामुळे रोज वाढीव द्यावी लागतात ती दहा-पंधरा मिनिटंच. सगळे पाच दिवस करण्याचा हट्ट पहिल्या वर्षी करू नका. दोन दिवस वर्षभर चालले तर आपोआप तीन होतात.

सकाळी मी तुम्हाला जुन्या शहरातून जायला सांगेन. चांपानेर दरवाज्यातून आत, मांडवीजवळून, गेंडीगेटने बाहेर आणि पुढे मांजलपूर. आठच्या आधी तिथे दुकानं बंद असतात, गाड्यांचा वेग कमी असतो आणि सायकलवाल्याला त्या रस्त्यांवर अजूनही मान आहे. संध्याकाळी मात्र तोच रस्ता गर्दीने गच्च असतो, तेव्हा परतीसाठी दुसरा रस्ता पाहून ठेवा. फ्लायओव्हर आणि हायवे दोन्ही वेळा टाळा. वाटेवर राहणारे सहकारी हेरा. मांजलपूरच्या एखाद्याला सांगा की मंगळवारी अमुक वेळी मी तुमच्या कोपऱ्यावरून जातो. ग्रुप असा जोडला जातो, आणि याला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

घामाची काळजी सगळ्यांना असते. सोमवारी गाडीने जाताना दोन शर्ट, एक पँट आणि बूट ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवा. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग ओल्या रुमालाने अंग पुसून कपडे बदला. घाई करून लगेच शर्ट चढवला तर तो भिजतोच. पाठीवर बॅग घेऊ नका, कॅरियरवर बांधा, म्हणजे पाठ कोरडी राहते. आणि गेटवरच्या वॉचमनशी ओळख ठेवा, सायकल कुठे सुरक्षित राहील हे त्यांना सर्वांत जास्त कळतं.

ऑफिसच्या ग्रुपबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. तो ऑफिसचा होऊ देऊ नका. कुणीतरी उत्साहाने म्हणतं, आपण कंपनीतर्फे स्पर्धा ठेवू, अॅपवर किलोमीटर मोजू, महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांना बक्षीस. हेतू चांगला असतो. पण पहिल्या तिघांत न येणारे वीस जण महिन्याभरात गळतात, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा तेच ते वीस. साहेब आले तर आनंदच आहे, फक्त सायकलवर कामाचा विषय काढायचा नाही हे आधीच ठरवा आणि साहेबांनाच ते सगळ्यांसमोर सांगायला लावा. नाश्त्याचे पैसे रोज सारखे वाटा. साहेबच नेहमी देऊ लागले की हाताखालच्या माणसाला संकोच होतो.

नाश्ता म्हणजे इथे सेव-उसळ, आणि तो या सगळ्याचा अर्धा आधार आहे, त्याला कमी लेखू नका. माणसं सायकलसाठी येतात, पण त्या टेबलावरच्या अर्ध्या तासासाठी टिकतात. फक्त उतरल्या उतरल्या तिखट रस्सा ओरपू नका. आधी पाणी, दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग बशी. आणि निघण्याची वेळ पक्की ठेवा. घरी 'आठला येतो' सांगितलं असेल तर आठला पोचा. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या शनिवारच्या दोन तासांची किंमत घरात दुसरं कुणीतरी देतं आहे. रविवारची सकाळ पूर्णपणे त्यांची करा. तुम्ही मुलीला सांभाळा आणि पत्नीला हवं तिथे जाऊ द्या, तिला यायचं असेल तर शनिवार आलटून-पालटून वाटून घ्या. महिन्यातून एकदा सगळ्यांच्या घरच्यांना कमाटीबागेत बोलवा. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग शहराला दिली. शंभराहून जास्त एकर जागा आहे, मुलं मनसोक्त धावतात. ज्या घरात 'तुझा तो ग्रुप' असं म्हटलं जातं तिथे तो जास्त दिवस चालत नाही.

ग्रुपमध्ये बायका याव्यात असं वाटत असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. भेटण्याची जागा उजेडातली हवी, आणि ठिकाणावर पोचण्याआधी स्वच्छ शौचालय कुठे आहे ते माहीत हवं. पेट्रोल पंप हा सर्वांत भरवशाचा पर्याय. हे न विचारता सांगितलं गेलं की येणाऱ्यांची संख्या वाढते. पहाटे घरापासून चौकापर्यंतचा रस्ता एकटीने कापावा लागू नये म्हणून त्याच भागातल्या कुणीतरी सोबत निघावं.

बडोद्याचं वर्ष सरळ चालत नाही, हे धरूनच आखणी करा. नवरात्रात नऊ रात्री अर्धं शहर गरब्यात असतं, सकाळी सहाला कोण येणार? गणपतीत मराठी घरं आरतीत आणि पाहुण्यांत गुंतलेली. आम्ही या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करतो आणि सोबत पुन्हा सुरू होण्याची तारीखही सांगतो. न ठरवता पडलेला खंड ग्रुपला मारतो. ठरवून घेतलेल्या सुट्टीनंतर लोक ताजे होऊन येतात.

उत्तरायणाचं, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचं, वेगळं सांगायलाच हवं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत हवेत मांजा असतो. काही झाडांतून खाली लोंबतो, काही रस्त्यावर आडवा ताणलेला असतो आणि पहाटेच्या उजेडात तो दिसत नाही. काच लावलेला किंवा नायलॉनचा मांजा गळा कापतो, दरवर्षी दुचाकीवाले यात जखमी होतात आणि काही जिवाला मुकतात. या दिवसांत गळ्याभोवती जाड मफलर दोन वेढे घालून, वेग कमी ठेवून चालवा. १४ आणि १५ जानेवारीला सायकल बाहेरच काढू नका. पुढचे दोन आठवडे तुटलेला मांजा दिसला की थांबून गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, ही सवय आम्ही ग्रुपला लावली आहे. पक्ष्यांचेही पाय त्यात अडकतात.

पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढलं की नदीकाठचे रस्ते विसरा. पाण्याबरोबर मगरीही रस्त्यावर आणि वस्तीत येतात, हे बडोदेकराला सांगायला नको. साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका, खड्डा किंवा उघडं गटार कळत नाही. एप्रिल ते जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेसातपर्यंत घरी परत या. तासाभरापेक्षा जास्त चालवणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखर-लिंबू घातलेलं पाणी सोबत घ्या आणि घरी आल्यावर ताक.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती थांबतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, ओरखडा किरकोळ वाटला तरी.

आता डोंगर. सायकल रोजच्या वाटेत बसते, डोंगर बसत नाही. तो महिन्यातून एकदाच ठेवा आणि शनिवारी ठेवा. उतारावर मांड्यांच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. रविवारी गेलात तर सोमवार-मंगळवार कामावर लंगडत जाल, आणि घरचे म्हणतील, कशाला जायचं?

आपल्याकडे पावागड आहे, सुमारे ५० किलोमीटरवर, ८०० मीटरच्या आसपास उंचीचा. पुण्याहून आलेले पाहुणे आकडा ऐकून त्याला हलकं समजतात, पण त्याचा पायथा सपाट मैदानात आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ सिंहगडाच्या तोडीचा पडतो. माचीपर्यंत गाडी जाते, तिथून रोपवे आहे. बहुतेक लोक असेच जातात आणि त्यांना गड दिसतच नाही. तुम्ही पायथ्याच्या चांपानेरहून जुन्या पायवाटेने चढा. तटबंदीचे दरवाजे एकेक करून ओलांडत जायचं, सात कमानींजवळ थांबून खालचं चांपानेर पाहायचं, धान्याची जुनी कोठारं पाहायची. १४८४ मध्ये महमूद बेगडाने हा गड घेतला तो मोठ्या वेढ्यानंतर. पायी चढलं की वेढा इतका का लांबला असेल हे पायांना कळतं. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत आहे. आणि कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरातून निघते, हे मी प्रत्येक नव्या माणसाला इथे उभं करून दाखवते.

पहाटे पाचला बडोदा सोडलं तर ऊन चढायच्या आत वरचा टप्पा गाठता येतो. साध्या चालीच्या ग्रुपला चढायला अडीच-तीन तास धरा, प्रत्येकी दोन लिटर पाणी. चैत्र आणि आश्विन नवरात्र, पौर्णिमा आणि रविवार टाळा, कालिकामातेच्या दर्शनाची गर्दी पायऱ्यांवर मावत नाही. हा डोंगर ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, सह्याद्रीसारखाच पावसात शेवाळतो. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या वाटेने जाऊ नका. खुनिया महादेवाचा धबधबा पाहायला लोक धावतात, पण वर पाऊस पडला की खाली पाणी अचानक वाढतं.

सराव कुठे करायचा, बडोद्यात तर टेकडीही नाही? जिने आहेत. लिफ्ट सोडा, आणि फक्त चढू नका, उतरणंही मोजा. गुडघा मजबूत होतो तो सावकाश उतरण्याने. आठवड्यातून दोनदा दहा मजले चढून-उतरून महिनाभर केलं तर पावागड अंगावर येत नाही.

थंडीत एखादा महिना पावागडाऐवजी डभोईजवळच्या वढवाण्याला द्या. गायकवाडांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तलाव आहे हा, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्ष्यांनी भरलेला असतो. बांधावरून चालण्यात चढ नाही, त्यामुळे लहान मुलं, आजी-आजोबा सगळे येऊ शकतात. जांबुघोड्याच्या जंगलात जायचं तर वन खात्याची परवानगी घ्या आणि पहाटे-संध्याकाळी आत भटकू नका, तिथे बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. वर्षातून एकदा सुट्टी जोडून सापुतारा आणि त्याला लागूनचा हातगड करा. आपल्या लोकांना किल्ल्याची ओढ असतेच, आणि वर्षभराच्या जिन्यांना एक ठिकाण मिळतं.

सायकल नवी घ्यावी का, असं पुढे मनात येईलच. आत्ता घेऊ नका. घरी पडून असलेलीच दुकानात नेऊन ब्रेकचे रबर, दोन्ही ट्यूब आणि साखळी बघून घ्या, टायरला भेगा असतील तर तेही बदला. तीन महिने तिच्यावर काढले की तुम्हाला काय हवं ते तुमचं तुम्हाला कळेल. बडोद्यासारख्या सपाट शहरात जाड टायरची, सस्पेन्शनवाली जड सायकल उगीच दमवते. मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि घंटी असलेली हलकी हायब्रिड पुरते. सीटची उंची मात्र आजच बसवा. टाच पेडलवर ठेवल्यावर खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. सायकलने गुडघे दुखतात असं सांगणाऱ्या बहुतेकांची सीट खाली असते.

५७ वर्षांच्या सहकाऱ्यांना जरूर घ्या. आधी त्यांना डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगा, विशेषतः मागची काही वर्षं व्यायाम नसेल तर. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली की तिथेच थांबायचं, कुणाला वाईट वाटेल म्हणून पुढे रेटायचं नाही, हे त्यांना आणि ग्रुपला दोघांनाही आधी सांगून ठेवा. चढ आणि वाऱ्याचा त्रास होत असेल तर बॅटरीची सायकल चालेल. पावागडला त्यांना माचीवरून रोपवेने वर पाठवा. बाकीचे पायी चढून दूधिया तलावापाशी त्यांना भेटतील, तिथून मंदिराच्या पायऱ्या सगळ्यांनी मिळून चढाव्यात. उतरताना त्यांनी पुन्हा रोपवेच घ्यावा, कारण गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. डबे मात्र वरच उघडा, सगळे एकत्र असताना.